टेपवर गाणं धरायचंय? आधी मशीन, मग टेप, डॉल्बी शेवटी

मिरजेत तंबोरा जुळवून देणारे हात अजून आहेत. टेपरेकॉर्डर जुळवून देणारा माणूस शोधायचा तर मात्र चार ठिकाणी विचारावं लागतं. त्यामुळे घरची बैठक, रियाज किंवा मंडळाचं भजन टेपवर घ्यायची हौस असलेला नवा माणूस बहुतेक वेळा स्वतःच वाचून, विचारून खरेदीला लागतो, आणि तीही उलट्या क्रमानं. आधी महागडी मेटल कॅसेट येते, मग डॉल्बीची (मिरवणुकीतली नव्हे, टेपची सरसर कमी करणारी) तीन-तीन बटणं असलेला डेक, म्हणजे टेप रेकॉर्ड करणारं मशीन, आणि सगळ्यात शेवटी कळतं की डेकचं हेडच, म्हणजे टेपवर गाणं उतरवणारा आणि वाचणारा भागच, झिजलाय. तो क्रम सरळ व्हावा म्हणून हे लिहितोय. कॅसेट आणि स्पूल (उघड्या चकतीवरची टेप) दोन्हींबद्दल सांगेन. माइक आणि मिक्सरमध्ये शिरत नाही, तो वेगळा विषय आहे.

फोनवर फुकट होतं तर टेप कशाला, असं विचारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. हौसेला मोल नसतं.

१. काय रेकॉर्ड करणार ते आधी ठरवा

टेपची सरसर, म्हणजे गाण्याच्या मागे ऐकू येणारा तो बारीक 'सूं' आवाज, याचीच सगळ्यांना धास्ती असते. पण आपल्या गाण्यात तंबोरा कधी थांबत नाही. आलापात गवई श्वास घ्यायला थांबला तरी जवारीतून निघणारे वरचे सूर चालूच असतात आणि त्यांच्याखाली सरसर बरीचशी झाकली जाते. झाकलं जात नाही ते वेगातलं डळमळणं. हार्मोनियमवर एक सूर धरून ठेवा आणि टेप परत ऐका. मोटर किंवा रबर खराब असेल तर तो सूर थरथरतो, आणि ही थरथर डॉल्बीसारखं कुठलंही नॉइज रिडक्शन (सरसर कमी करणारी सोय) काढू शकत नाही. म्हणून ख्याल, सतार, बासरी यांच्यासाठी पहिला निकष स्थिर वेग हा आहे, शांत टेप हा नाही.

भजनी मंडळाचं गणित वेगळं. तिथं टाळ आहेत. कॅसेट फार सावकाश चालते, सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटिमीटर, आणि इतक्या कमी वेगात टाळाचा किणकिणाट जोरात आला की टेप तो पेलू शकत नाही. वरचे सूर चेपले जातात आणि टाळ पत्र्यासारखा वाजतो. इथं सरसरीपेक्षा टेपची वरच्या सुरांची ताकद महत्त्वाची.

एकट्या पखवाजाचं किंवा डग्ग्याचं रेकॉर्डिंग हा तिसरा प्रकार. तिथं वरचे सूर फारसे नसतातच, त्यामुळे सरसर उघडी पडते. याचा संबंध पुढे डीबीएक्स नावाच्या नॉइज रिडक्शनशी येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

२. मशीन: पाठीमागची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका

बाहेरून आलेल्या डेकच्या मागच्या पट्टीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानच्या घरगुती बाजारातला डेक १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० च्या आसपासचा. सरळ आपल्या प्लगात घातला तर पहिल्याच मिनिटाला धूर. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, हे दुकानदारही सांगतो.

तो सांगत नाही ते हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. बऱ्याच जुन्या स्पूल मशीनमध्ये टेप ओढणारी मोटर थेट विजेच्या हर्ट्झवर फिरते. ६० हर्ट्झसाठी बांधलेलं असं मशीन आपल्याकडे लावलं की वेग सहाला पाच या प्रमाणात उतरतो. गाणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर सा आणि कोमल गंधार यांच्यात जेवढं अंतर, तेवढा सूर खाली. नीट मशीनवर काळी एकमध्ये रेकॉर्ड झालेली टेप या मशीनवर खालच्या काळी पाचात वाजेल. घोटाळा असा की तुम्ही याच मशीनवर रेकॉर्ड करून याच मशीनवर ऐकलं तर काहीच कळत नाही. ती टेप दुसऱ्याकडे गेली की तिथं तुमचा काळी एकचा गवई पांढरी तीनमध्ये, घाईघाईनं गाताना ऐकू येतो.

उपाय आहे: काही मशीनमध्ये ५० आणि ६० साठी वेगळी पुली किंवा कॅपस्टनवरची (टेप ओढणाऱ्या दांड्यावरची) नळी मिळते, ती बदलायची. ज्यांची मोटर इलेक्ट्रॉनिक्सनं ताब्यात ठेवलेली असते, उदाहरणार्थ रेव्हॉक्स ए७७, त्यांना हा प्रश्न येत नाही. कॅसेट डेकमध्ये बहुधा डीसी मोटर असते, तिथंही हर्ट्झची चिंता नाही, फक्त व्होल्ट बघा.

वेग तपासायला टेस्ट टेप मिळते, तिच्यावर ३१५० हर्ट्झचा एकच सूर असतो. फोनवर सूर मोजणारं ॲप उघडून स्पीकरजवळ धरा. आकडा थोडा इकडेतिकडे असेल तर चालतं, एका जागी ठरतच नसेल तर तो डेक सोडून द्या.

मग झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात हेड बघा. टेप घासून घासून हेडवर खाच पडलेली असते. बारीक असेल तर चालवून घेता येतं, कडा स्पष्ट दिसत असेल तर वरचे सूर गेले म्हणून समजा. पिंच रोलरचं (टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या चाकाचं) रबर चकचकीत आणि टणक झालं असेल तर ते टेप गिळणार. बेल्ट जुना असेल तर तो डांबरासारखा चिकट झालेला सापडतो. बेल्ट आणि रबर बदलता येतं. हेड बदलणं अवघड, कारण नवं मिळत नाही आणि मिळालं तरी तिरपेपणा जुळवणारा हात हवा.

परवडत असेल तर तीन हेडचा डेक घ्या. त्यात रेकॉर्ड होत असतानाच टेपवर काय उतरलंय ते ऐकता येतं. बैठक संपल्यावर डावा चॅनल आलाच नव्हता हे कळण्यापेक्षा ते बरं.

३. कॅसेट: टाइपचा आकडा मोठा म्हणून ती चांगली असं नाही

कॅसेट फिलिप्सनं १९६३ साली आणली आणि तिचे पुढे चार टाइप झाले.

टाइप १ ही साधी फेरिक कॅसेट, १२० मायक्रोसेकंदाच्या इक्वलायझेशनवर (वरच्या सुरांच्या ठरलेल्या जुळणीवर) चालणारी. नवी कोरी आजही मिळते ती मुख्यतः हीच. टाइप २ मध्ये क्रोम किंवा कोबाल्ट मिसळलेलं ऑक्साइड असतं आणि ती ७० मायक्रोसेकंदावर वाजते. त्यामुळे सरसर साधारण ४ डेसिबलनं कमी ऐकू येते. टीडीके एसए आणि मॅक्सेल एक्सएल २ या तिच्यातल्या नावाजलेल्या, पण मिळतात त्या जुन्या साठ्यातल्या. टाइप ३ विसरा. टाइप ४ म्हणजे मेटल. तिची ताकद वरच्या सुरांत. टाळासाठी खरा फरक तिथं पडतो, टाइप २ मध्ये तितका पडत नाही. टाइप २ चा फायदा शांततेत आहे, जोरात नाही.

पण मेटल कॅसेट मेटलसाठी बांधलेल्या डेकवरच नीट रेकॉर्ड होते आणि पुसलीही जाते. साध्या डेकवर तिच्यातलं आधीचं गाणं अर्धवट मागे राहतं आणि नव्या गाण्याखाली भुतासारखं ऐकू येतं. टाइप २ नॉर्मलवर रेकॉर्ड केली तर आवाज चिरका आणि फाटका येतो. नव्या डेकला कॅसेटच्या पाठीवरच्या खाचांवरून टाइप कळतो. जुन्यावर स्विच असतो, तो स्वतः बघून लावायचा.

माझं मत विचाराल तर पहिले काही महिने फक्त टाइप १, सी६०. टेप जाड असते, डेकला त्रास देत नाही, चूक झाली तर हळहळ वाटत नाही. सी६० ला एका बाजूला ३० मिनिटं मिळतात. बडा ख्याल त्यात मध्येच तुटतो, तेव्हा सी९० घ्या, ४५ मिनिटांची बाजू. सी१२० नको. तिची टेप जेमतेम ९ मायक्रॉन जाड, ओढली जाते, गुंतते, आणि एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यात उतरतो.

खरेदीतले सापळे: सीलबंद दिसणारी बनावट कॅसेट, छपाई पुसट आणि अक्षरं वाकडी. भजनाच्या जुन्या विकत्या कॅसेटी 'पुसून वापरू' म्हणून घेतल्या तर आतला दाबपट्टीचा फेल्ट बहुतेकदा सुटलेला असतो. आणि पावसाळ्यात पोत्यात पडलेली कॅसेट खिडकीतून बघा: टेपच्या गठ्ठ्यावर पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. ती डेकमध्ये घातली की पुढची प्रत्येक कॅसेट तुम्ही त्याच बुरशीवरून फिरवता.

४. स्पूल: मशीनला पेलेल तीच टेप

स्पूलची पाव इंची टेप ६.३५ मिलिमीटर रुंद, कॅसेटची ३.८१. पण खरा फरक ट्रॅकच्या रुंदीत आहे. स्टिरिओ कॅसेटवर एका ट्रॅकला ०.६ मिलिमीटर मिळतात, घरगुती चार ट्रॅकच्या स्पूलवर साधारण १, आणि दोन ट्रॅकच्या मशीनवर २. रुंदी दुप्पट झाली की सरसरीच्या मानानं गाणं ३ डेसिबल वर येतं. वेग वाढवला तरी फायदा होतो. म्हणून सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगानं दोन ट्रॅकवर रेकॉर्ड करणाऱ्याला नॉइज रिडक्शनची गरज क्वचितच पडते.

आज नवी स्पूल टेप बनवणाऱ्यांत फ्रान्सची रेकॉर्डिंग द मास्टर्स आणि अमेरिकेची एटीआर ही दोन नावं आहेत. इथं नवा माणूस हमखास चुकतो. सगळ्यात महाग म्हणून एसएम ९०० किंवा एटीआरची मास्टर टेप मागवतो आणि घरच्या अकाई-सोनीवर लावतो. या टेपांना जास्त बायस (रेकॉर्ड करताना गाण्यासोबत टेपला दिला जाणारा, ऐकू न येणारा सिग्नल) लागतो, तो स्टुडिओच्या मशीनला देता येतो, घरगुती मशीनला नाही. मग आवाज फाटका, आणि दोष टेपला. घरगुती मशीनसाठी रेकॉर्डिंग द मास्टर्सचीच एलपीआर ३५ घ्या. ७ इंची चकतीवर १८०० फूट बसते, १९ सेंटिमीटर वेगानं एका दिशेला ४८ मिनिटं. एक बडा ख्याल आणि त्यामागून द्रुत, निवांत.

जुन्या टेपबद्दल एकच सांगतो: अँपेक्स ४०६ आणि ४५६ कितीही सीलबंद मिळाली तरी घेऊ नका. तिच्यातला चिकटवणारा थर हवेतलं पाणी शोषून खराब होतो, टेप हेडला चिकटते, किंचाळते आणि तपकिरी चिखल सोडते. जुनं मोलाचं रेकॉर्डिंग अशा टेपवर असेल तर ती ५४ अंशांच्या आसपास काही तास भाजून एकदा उतरवून घेतात, पण ते जाणकाराचं काम, घरच्या ओव्हनचं नाही. आणि ॲसिटेटची टेप तर कधीच भाजायची नाही. ओळख सोपी: चकती उजेडासमोर धरली तर ॲसिटेटमधून उजेड आरपार येतो, आणि खराब झाली असेल तर व्हिनेगरचा वास.

५. नॉइज रिडक्शन: कुलूप एका किल्लीनं लावलं तर त्याच किल्लीनं उघडायचं

सगळ्या डॉल्बी आणि डीबीएक्स पद्धती दोन टप्प्यांत चालतात. रेकॉर्ड करताना हळू आवाज वर उचलायचे, वाजवताना तेवढेच खाली आणायचे. खाली आणताना टेपची सरसरही सोबत खाली जाते. म्हणजे ज्या बटणावर रेकॉर्ड केलं त्याच बटणावर वाजवलं पाहिजे. बाकी सगळं यातूनच निघतं.

डॉल्बी बी, १९६८ पासूनची. फक्त वरच्या सुरांवर काम करते, सरसर सुमारे १० डेसिबलनं उतरवते. डॉल्बी नसलेल्या टेपरेकॉर्डरवर वाजवली तर आवाज जरा उजळ लागतो, पण ऐकवतो. कॅसेट पाहुण्यारावळ्यांत फिरणार असेल तर हीच वापरा, नाहीतर काहीच नको.

डॉल्बी सी, १९८० ची. सुमारे २० डेसिबल. तुमच्याच डेकवर रेकॉर्ड, तुमच्याच डेकवर ऐकणं असेल तर उत्तम. दुसऱ्याच्या साध्या टेपरेकॉर्डरवर मात्र ती पत्र्यासारखी वाजते. डॉल्बी एस याहून सरस आहे, पण डेक दुर्मिळ आणि त्या किमतीत चांगलं स्पूल मशीन येईल.

डीबीएक्स सगळ्यात शांत. रेकॉर्ड करताना सगळ्या आवाजाचा चढउतार निम्म्यावर आणते, वाजवताना दुप्पट करते. पण त्यात टेपची चूकही दुप्पट होते. टेपवर २ डेसिबलची खोट असेल तर कानाला ती ४ ची लागते. आणि पहिल्या भागातला पखवाज आठवा: वाजवताना डग्ग्यावर थाप पडली की यंत्र सगळंच वर उचलतं, थापेबरोबर सरसरही वर येते आणि थापेबरोबर खाली जाते. वरच्या सुरांचं पांघरूण नसल्यामुळे ते श्वास घेतल्यासारखं ऐकू येतं. तंबोऱ्याच्या गाण्यात हे कमी जाणवतं, एकट्या तालवाद्यात फार. चार ट्रॅकच्या बऱ्याच कॅसेट मशीनमध्ये डीबीएक्स असते, तिथं एका रेकॉर्डिंगवर दुसऱ्याचा थर चढवताना तिचा उपयोग आहे. साध्या बैठकीला मी ती लावत नाही. डीबीएक्सची कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर ऐकवतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

डेकवर एचएक्स प्रो लिहिलेलं असतं, ते नॉइज रिडक्शन नव्हे. रेकॉर्ड करताना वरचे सूर जास्त असतील तेव्हा बायस कमी करून टेपला जागा करून देणारी ती सोय आहे. वाजवताना काहीच लागत नाही. टाळासाठी बिनधास्त चालू ठेवा. एमपीएक्स फिल्टर मात्र एफएमवरून रेकॉर्ड करत नसाल तर बंद.

'डॉल्बी लावली की आवाज दबतो' ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. बहुतेक वेळा दोष हेडवरच्या मळाचा असतो. मळामुळे वरचे सूर थोडे कमी येतात, डॉल्बीला वाटतं हे हळू आवाज आहेत, आणि ती त्यांना आणखी खाली ढकलते. बटण बंद करण्याआधी हेड पुसा.

६. पहिलं रेकॉर्डिंग

नवी कॅसेट आधी एकदा शेवटापर्यंत पळवा आणि परत आणा, म्हणजे गठ्ठ्याचा ताण सारखा होतो. डेकला बायस आणि लेव्हल जुळवायची सोय असेल तर त्या कॅसेटसाठी जुळवा. लेव्हल चुकली की डॉल्बीचं गणितही चुकतं.

मग तबलजींना विनंती करून सगळ्यात जोराची तिहाई वाजवून घ्या. काट्याच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. काटा जड असतो, तबल्याची 'ता' तो हलेपर्यंत येऊन गेलेली असते. काटा शून्याच्या ६ ते ८ डेसिबल खाली राहील असं ठेवा. टाळ असतील तर आणखी थोडं खाली. दिव्यांचा पीक मीटर असेल तर टाइप १ वर शून्याच्या थोडं वर गेलं तरी चालतं.

आणि पंखा बंद. डॉल्बी सी लावून वर पंखा फिरत ठेवणारे मी पाहिलेत.

७. लागणारं सामान आणि कागद

- ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या, हेडसाठी. पिंच रोलरच्या रबराला साबणाचं सौम्य पाणी बरं.
- हेड डीमॅग्नेटायझर, हेडवर चढलेलं चुंबकत्व काढायला. डेक बंद ठेवून, लांबच चालू करायचा, हेडजवळ नेऊन सावकाश मागे आणायचा, लांब गेल्यावरच बंद. जवळ असताना बंद केला तर हेडला उलट चुंबकत्व चढतं. कॅसेटी दुसऱ्या खोलीत.
- टेस्ट टेप, बारीक स्क्रूड्रायव्हर, सुटे बेल्ट.
- व्होल्टेज स्टॅबिलायझर. संध्याकाळी वीज वरखाली होते तेव्हा लागतो.
- टेप परदेशातून मागवली तर इनव्हॉइस, आणि कुरियरवाले केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागतात. कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा.
- गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची लेखी परवानगी. घरची बैठक असली तरी घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ मध्ये कलाकाराचा स्वतःचा हक्क आहे आणि टेप कुठे फिरेल हे आधी बोललेलं बरं.

८. लेबल आणि साठवण

लेबलवर राग आणि तारीख सगळे लिहितात. नॉइज रिडक्शन कुणी लिहीत नाही. असं लिहा: 'पूरिया धनाश्री, काळी एक, टाइप २, डॉल्बी सी.' स्पूल असेल तर वेग आणि ट्रॅकही. काहीच लावलं नसेल तर 'डॉल्बी नाही' असं स्पष्ट लिहा, कोरं सोडू नका. मग कॅसेटच्या मागच्या प्लॅस्टिकच्या दोन्ही टॅब तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होत नाही. पुन्हा रेकॉर्ड करावंसं वाटलं तर चिकटपट्टी लावता येते, टाइप २ ची शेजारची खाच तेवढी बुजवू नका.

स्पूल शेवटाकडून गुंडाळलेलीच ठेवा, वाजवायच्या वेळी उलटी फिरवा. शेजारच्या वेढ्यात उतरलेला आवाज मग गाण्याच्या आधी नाही, नंतर येतो, आणि गाण्यातच विरतो. डबे उभे ठेवा, आत सिलिका जेलची पुडी, पावसाळ्यात ती बदलत राहायची. स्पीकरच्या पाठीमागे नको.

सांगलीत राहत असाल तर एक जादा: तळमजल्यावर काही ठेवू नका. २००५ आणि २०१९ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना आयर्विन पुलाची पातळी वाचायला शिकवायला नको, पण सामान वर हलवताना टेपचा खोका शेवटी आठवतो. पाणी लागलंच तर टेप वाजवू नका, उन्हात टाकू नका, हेअर ड्रायर लावू नका. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर उघडा, गाळ डिस्टिल्ड पाण्यानं हलकेच धुवा आणि सावलीत, पंख्याच्या हवेवर सुकू द्या. पूर्ण सुकल्यावर नव्या कवचात भरा आणि पहिल्यांदा वाजवतानाच उतरवून घ्या, लेबलवर लिहिलेल्या डॉल्बीवर.